खेळ सुरू असताना आवाज करू नये

४ ऑगस्ट, सोमवार

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल. इथे सगळं ठीक. मी जेवते, झोपते, कामावर जाते, येताना भाजी आणते. कुणी विचारलं तर एवढंच सांगते, आणि ते खरंही आहे.

परवा भाच्याचा फोन आला. "मामी, आईला मामांची खुर्ची हवी आहे," एवढं बोलून तो थांबला. मीही थांबले. मग तो बिचारा हॅलो हॅलो करत बसला. मला काही सुचेना, म्हणून मी फोन ठेवला. त्याला वाटलं असेल मामीने तोडला. तसं नव्हतं. फोनवर गप्प बसलं की समोरच्याला वाटतं लाइन गेली. पत्रात तसं होत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. शिवाय तुम्ही फोनवर माझ्याशी बोलणार नाही, हेही आहेच.

खुर्ची जरूर पाठवते. तुमच्या भावाची आहे, तुमच्याकडे आली तर माझी काही हरकत नाही. फक्त उजव्या हाताचं कापड पार गेलंय, आतला काथ्या दिसतो. कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. टीव्हीवर सामना लागला की हे तो हात असा आवळून धरायचे की शिवण उसवायची. फुटबॉल असो, हॉकी असो, लांब कुठल्या देशातल्या पोरांची पोहण्याची शर्यत असो, ह्यांना ओरडायला काहीही चालायचं. तुम्ही आलात की मग काय, दोघं मिळून. शेजारचे भिंत वाजवायचे आणि तुम्ही इकडून भिंत वाजवून त्यांना उत्तर द्यायच्यात. मी आत ओट्यापाशी उभी राहून मनात म्हणायचे, एवढी मोठी माणसं, चेंडू ह्यांच्या बापाचा आहे का. दिवसभर दुकानात लोकांच्या खुर्च्यांना कापड चढवायचं आणि घरी येऊन पुन्हा तीच एक खुर्ची, ह्याची मी किती कटकट केली असेल. तर चांगलं कापड मिळालं की चढवते आणि पाठवते.

दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही मला जे विचारलंत, त्याला आता बरेच महिने झाले. मी तेव्हा उत्तर दिलं नाही आणि तुम्ही त्यानंतर बोलला नाहीत. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. असो.

इकडची एक गंमत सांगते. आमच्या दुकानात एक बाई आल्या, खांद्यावर पोतं टाकून. पोत्यात गुडघ्याला, कोपराला आणि कमरेला बांधायचे पॅड, सगळे फाटलेले. "आमच्या मुली जमिनीवर पडतात," त्या म्हणाल्या. मालक म्हणाले, "मग आधी उभं राहायला शिकवा की." बाई हसल्या नाहीत. अंध मुलींच्या संघाच्या त्या प्रशिक्षक निघाल्या. खेळाचं नाव गोलबॉल. मालकांनी जीभ चावली आणि पोतं माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या तोंडून काही भलतं गेलं की ते काम माझ्याकडे येतं, हे ठरलेलं आहे.

शिवून झाल्यावर शनिवारी दुपारी पोतं पोचवायला मी त्यांच्या हॉलवर गेले. मोठा हॉल, लाकडी जमीन, वर लांब दिवे. दारावर पाटी, 'खेळ सुरू असताना आवाज करू नये'. दारात एक जाडजूड स्वयंसेविका बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने ओठांवर बोट ठेवलं आणि बाकाकडे खूण केली. मी पोतं मांडीवर घेऊन बसले.

दोन्ही टोकांना तीन-तीन मुली, डोळ्यांवर काळे जाड पट्टे. चेंडूत घंट्या असतात. एकीने तो सरपटत फेकला की घंट्या वाजत जातात आणि पलीकडच्या तिघी आवाजाच्या दिशेने आडव्या पडतात. अंगावर चेंडू आदळल्याचा धप्प असा आवाज येतो. बस. आणि बघणारे पन्नासएक लोक, कुणी खोकतसुद्धा नाही. गोल झाला की मग काय ते ओरडायचं, टाळ्या पिटायच्या. पंच म्हणाले 'शांतता', की पुन्हा चिडीचूप.

वन्सं, मला तिथून उठवेना. खेळ कळला होता असं नाही. पण हे गेल्यापासून जो तो मला एकच सांगतो. बोल. मोकळी हो. मनात ठेवू नकोस. शेजारच्या आजी तर रोज दूध घेताना विचारतात, "रडलीस का गं?" नळवाल्याला बोलावलंस का विचारावं तसं. आणि इथे एवढी माणसं एका जागी बसलेली, आणि माझ्याकडून त्यांना फक्त एवढंच हवं होतं की मी गप्प बसावं. ते मला चांगलं येतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. पोचवायला काही नव्हतं.

बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जपा. भाच्याला सांगा, मामीने फोन तोडला नव्हता.

तुमची भावजय

२७ ऑक्टोबर, सोमवार

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही, पण अक्षर ओळखलं. "तीनच खेळाडू कसे? गोल केवढा? चेंडू उडवता येतो का? खुर्चीचं काय?" चार ओळी आणि त्यातल्या तीन खेळाच्या. मला बरं वाटलं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. बरं वाईट असं काही हल्ली वाटत नाही. कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे, एवढं सांगते.

आता उत्तरं. गोल मैदानाच्या पूर्ण रुंदीचा असतो, नऊ मीटर. मी दुकानातल्या टेपने मोजून घेतला, तेव्हा ती जाडजूड स्वयंसेविका मागून येऊन म्हणाली, "पडदा शिवताय का?" तेवढ्या रुंदीत तिघी आडव्या पडून भिंत करतात, म्हणून तीनच पुरतात. चेंडू उडवता येत नाही. तो जमिनीला टेकत यायलाच हवा, नाहीतर पलीकडच्यांना ऐकू कसा येणार. ज्यांना थोडंफार दिसतं त्याही पट्टा बांधतात, म्हणजे काळोख सगळ्यांना सारखा. खेळ चालू असताना त्या पट्ट्याला हात लावला तर दंड. दंड झाला की तीच मुलगी एकटी उभी राहते, नऊच्या नऊ मीटर सांभाळायला, आणि समोरून एक फेक. ते बघवत नाही. पण मी बघते.

मला सगळ्यांत आवडल्या त्या रेषा. मैदानावरच्या रेषा नुसत्या रंगवलेल्या नसतात. खाली दोरी घालून वरून चिकटपट्टी लावतात, म्हणजे हाताला, पायाला उंचवटा लागतो आणि आपण कुठे आहोत ते कळतं. आम्ही गादीच्या कडेला कापडात दोरी भरून पायपिंग घालतो, अगदी तसंच. मी प्रशिक्षकबाईंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी तुम्हीच लावा." आता शनिवारी मी तासभर आधी जाते आणि गुडघ्यांवर बसून दोरी ताणून देते. मला कुणी काही विचारत नाही आणि मीही काही बोलत नाही. मान हलवून भागतं.

आमच्या संघात एक मुलगी आहे. सगळ्या तिला चटई म्हणतात, कारण पडली की अशी पसरते की खालून मुंगी जाणार नाही. एरवी ती वीज कंपनीच्या तक्रारी फोनवर घेते. दिवे गेले की लोक आधी तिला शिव्या देतात आणि मग पत्ता सांगतात. ती म्हणते, दिवसभर ओरडणं ऐकल्यावर इथे येऊन कान धुऊन निघतात. हे ती मला म्हणाली नाही, मैत्रिणीला म्हणाली. मी शेजारीच तिच्या कमरेच्या पॅडचं बंद शिवत होते.

'आमच्या संघात' असं लिहिलं गेलं. राहू दे.

पलीकडच्या गावाच्या संघात एक उंच बाई आहे. तिने माझं काहीही वाकडं केलेलं नाही. तरी ती हॉलमध्ये शिरली की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. ती फेकण्याआधी चेंडू दोनदा जमिनीवर आपटते, तेवढंही मला सहन होत नाही. नियमात बसतं ते, मी विचारून घेतलं. बसत नसतं तर फार बरं झालं असतं. वन्सं, तुम्ही दोघं त्या लाल सदऱ्यातल्या गोलकीपरला उगाच शिव्या घालायचात, तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढायचे. आता मी माझ्या जागी बसून त्या उंच बाईचा पाय मुरगळावा असं मनात आणते. मुरगळला नाही अजून.

दुकानात दुपारी डोळे मिटून मी दोऱ्याचं रीळ टेबलावरून घरंगळत सोडते आणि कुठे थांबलं ते हाताने शोधते. पहिल्या वेळी कात्री पडली, दुसऱ्या वेळी मालकांचा चहा. मालक म्हणाले, "ताई, तुम्हाला थोडे दिवस सुट्टी हवी आहे का?" मी म्हटलं, शनिवार अर्धा दिवस द्या. दिला.

हे असते तर त्यांना ह्या हॉलमध्ये पहिल्या मिनिटाला बाहेर काढलं असतं. दारातल्या बाईने बोट ओठांवर ठेवलं असतं आणि ह्यांनी "काय झालं?" असं तिलाच ओरडून विचारलं असतं. तुमचीही गत तीच. कधी कधी सामना चालू असताना हे माझ्या डोक्यात येतं आणि मला हसू यायला हवं असं वाटतं. येत नाही. पण जागा कळते, इथे हसू यायला हवं होतं म्हणून.

घर अगदी शांत आहे. भिंत आता कुणी वाजवत नाही. शेजारचे मला भेटले की खाली बघतात. मला वाटतं त्यांना वाजवल्याचं वाईट वाटत असावं.

तुमचा प्रश्न मी विसरलेले नाही. तुम्ही म्हणालात, "मी दाराबाहेर बाकावर बसले होते. एक हाक मारता आली नाही तुला?" शब्द हेच होते. जिन्यात माणसं येत-जात होती आणि तुम्ही कठडा धरून उभ्या होतात. मग म्हणालात, दगड आहेस. तेही बरोबर असेल. त्याबद्दल लिहायचं म्हणून मी आज बसले होते आणि बघा, तीन पानं रेषांवर आणि रिळावर गेली.

खुर्चीचं कापड अजून मनासारखं मिळालेलं नाही. बघते.

डिसेंबरात अंतिम फेरी आहे, आमच्याच हॉलमध्ये. निकाल कळवीन.

तुमची भावजय

१५ डिसेंबर, सोमवार

ती. वन्सं,

आम्ही हरलो. आधी तेवढं लिहून टाकते. आणि माझ्यामुळे हरलो. नमस्कार राहिला, तो आता घ्या.

शनिवारी दुपारी सामना होता. समोर तोच संघ, तीच उंच बाई. हॉल भरला होता, बाहेरून बाकडी आणावी लागली. मी सकाळीच जाऊन रेषा लावून आले होते आणि माझ्या नेहमीच्या जागी, डाव्या गोलाच्या मागच्या बाजूला बसले होते. तिथून चेंडू येताना समोरून दिसतो. शेजारी स्वयंसेविकेची बहीण होती, तिला मी खुणेनेच सगळं समजावत होते. ती म्हणाली, "तुम्ही शिकवता का हा खेळ?" मी मान हलवली, नाही म्हणून.

सामना बरोबरीत चालला होता. एक गोल त्यांचा, एक आमचा, पुन्हा त्यांचा, पुन्हा आमचा. शेवट जवळ आला तसा उंच बाईचा एक चेंडू चटईच्या तोंडावर बसला. तिने अडवला, पण वेदनेने हात चेहऱ्याकडे गेला आणि पट्ट्याला लागला. पंचांनी लगेच दंड दिला. कुणाचीही चूक नाही, पण नियम म्हणजे नियम. बाकीच्या दोघींना बाहेर नेलं आणि एवढ्या मोठ्या गोलात चटई एकटी राहिली. ती खाली बसली, हाताने दोरी चाचपली, मधोमध सरकली. ती दोरी मी लावलेली होती.

पंच म्हणाले, शांतता. उंच बाईने चेंडू दोनदा आपटला. हॉलमध्ये दिव्यांची गुणगुण ऐकू येत होती. मी श्वास धरून बसले होते. चेंडू सुटला, आणि मला दिसलं की तो चटईच्या डावीकडे चाललाय, अगदी कोपऱ्यात, आणि मला असं वाटलं की ती उजवीकडे झुकतेय.

"डावीकडे गं! डावीकडे!"

वन्सं, मला आधी कळलंच नाही कोण ओरडलं. मी वळून मागे बघितलं. मागे भिंत होती. मग पाहिलं तर सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि ज्यांना दिसत नव्हतं त्यांचेही चेहरे माझ्याकडे वळले होते. मी उभी होते. घसा सोलल्यासारखा झाला होता आणि उजव्या हातात बाकाची फळी आवळून धरली होती.

चटईने तो चेंडू अडवला होता. डावीकडे पसरून, हाताच्या टोकाने. पण पंचांनी शिट्टी मारलीच. बाहेरून कुणी दिशा सांगितली तर ती फेक धरत नाहीत. पुन्हा फेकायची. दुसऱ्या वेळी उंच बाईने उजव्या कोपऱ्यात टाकला आणि चटई मध्येच राहिली. गोल झाला. थोड्याच वेळात सामना संपला. एका गोलाने.

जाडजूड स्वयंसेविका माझ्याकडे आली. तिला माझी दया आली असावी, कारण तिने मला दंडाला धरलं नाही, नुसती पुढे चालत गेली आणि मी मागून गेले. बाहेर चपला ठेवायच्या मांडणीपाशी एक स्टूल आहे, तिथे तिने मला बसवलं आणि पाणी दिलं. आतून पलीकडच्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. माझ्यासमोर सगळ्यांच्या चपला, बूट, एकावर एक. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला रडू यायला लागलं. हळूहळू वगैरे काही नाही. एकदम, हमसून. नाक गळतंय, आवाज होतोय, पाण्याचा पेला सांडला, लोक चपला शोधायला येतायत आणि मी त्यांच्या पायांत बसून रडतेय. "अहो, एक सामना तर हरलो," स्वयंसेविका म्हणाली. "पुढच्या वर्षी जिंकू." मी मान हलवली. सगळ्यांना वाटलं मी हरल्याबद्दल रडतेय. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं.

मग चटई आली. हातात पांढरी काठी, गालावर चेंडूचा लाल वळ. मैत्रीण तिला पुढे न्यायला लागली तर ती थांबली. तिने विचारलं, "पॅडवाल्या काकू इथेच आहेत ना?"

मी म्हटलं, "हो."

"तुम्हाला बोलता येतं तर," ती म्हणाली. "इतके महिने मला वाटत होतं तुम्ही मुक्या आहात. मी सगळ्यांना तसंच सांगितलंय."

मी म्हटलं, "मला वाटलं तू उजवीकडे चाललीस."

"मी डावीकडेच निघाले होते, काकू. चेंडू सुटायच्या आधी तिचा डावा पाय जोरात पडतो, तेव्हा तो कोपऱ्यात येतो. मला माहीत होतं. तुम्ही ओरडायची काही गरज नव्हती. आणि दुसऱ्या वेळी मी तिचा पाय ऐकायचा सोडून तुमचीच वाट बघत बसले, की ह्या आता काय सांगतात."

मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "आज नको. आज मला राग आलाय, माफी मागितलीत तर तो वाया जाईल. पुढच्या शनिवारी या, रेषा लावा आणि गप्प बसा." मग दोन पावलं जाऊन ती पुन्हा वळली. "आवाज मात्र जबरदस्त आहे हो तुमचा. आमच्या ऑफिसात फोन केलात तर मी पहिल्यांदा तुमच्याकडे माणूस पाठवीन."

मैत्रीण हसली. मीही हसले, नाक पुसत. रविवारी मी ह्यांच्या खुर्चीवर बसले. एवढ्या महिन्यांत बसले नव्हते, तिच्याभोवतीची धूळ पुसायचे, तिला सरकवायचे, पण बसले नव्हते. फाटक्या हातावर हात ठेवला. काथ्या टोचतो. पुन्हा रडले. शेजारच्यांनी भिंत वाजवली नाही, त्याचंही रडू आलं.

आता तुमच्या प्रश्नाचं.

त्या दुपारी तुम्ही बाहेर बाकावर होतात. मी आत ह्यांच्या उशाशी. श्वास लांब लांब येत होता. एक आला की मी पुढच्याची वाट बघायचे. तो यायचा, आणि मी पुन्हा पुढच्याची. मग एक आला आणि त्याच्यानंतरचा आला नाही. मला वाटलं, उशीर होतोय. खुर्ची करकरली, मी हलले, तुम्हाला हाक मारली, तर तेवढ्यात तो येऊन जाईल आणि मला ऐकू येणार नाही. जन्मभर ओरडणारा माणूस, वन्सं, आणि त्याचा शेवटी एवढासा आवाज उरला होता. तो हुकायला नको होता मला. म्हणून मी कान देऊन बसून राहिले. तुम्ही दार उघडून आत आलात तेव्हाही मी ऐकतच होते. मी हाक मारली असती तर ते संपलं असं मीच ठरवल्यासारखं झालं असतं. ते माझ्याने होईना.

तुम्हाला शेवटचं बघायचं होतं. तुमचा धाकटा भाऊ, तुम्ही त्याला चालायला शिकवलंत, खेळायला शिकवलंत, ओरडायलाही तुम्हीच शिकवलं असेल. आणि तुम्ही दोन हातांवर असून मी तुम्हाला बोलावलं नाही. तुमचा राग बरोबर आहे. तो काढून टाका असं मी म्हणत नाही.

परक्या मुलीसाठी माझा आवाज फुटला आणि तुमच्या भावासाठी फुटला नाही. तुम्ही हे म्हणायच्या आधी मीच लिहिते. मला ते टोचतं. पण टोचतं, वन्सं. बरेच महिने काहीच टोचत नव्हतं. शनिवारी चटईचं ते ऐकताना मला इतकं वाईट वाटलं, इतकी लाज वाटली, आणि तशातही मनात आलं, अगं, वाटतंय की तुला.

खुर्चीला नवं कापड चढवलेलं नाही. दिवसभर खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या बाईला कापड मिळत नाही, हे तुम्हाला तेव्हाही पटलं नसणार. फाटलेला हात तसाच ठेवला आहे, ह्यांच्या बोटांच्या जागेसकट. तुम्हाला तो तसाच हवा असेल, आता मला कळतं. न्यायला भाच्याला पाठवू नका. तुम्ही स्वतः या. शनिवार धरून या, म्हणजे आधी हॉलवर जाऊ. माझ्या शेजारी जागा ठेवते. तोंडाला रुमाल लावून बसावं लागेल, ते तुम्हाला जमेल की नाही शंका आहे, पण गोल झाल्यावर हवं तेवढं ओरडता येतं. त्या उंच बाईचं काय करायचं तेही बघू.

आणि घरी याल तेव्हा मला माहीत आहे तुम्ही कशा वागाल. दार नुसतं लोटलेलं असलं तरी बाहेर पायपुसण्यावर थांबाल. मी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, मान ताठ करून उभ्या राहाल. तेव्हा माझा आवाज पुन्हा बसला तर काय घ्या, म्हणून इथेच लिहून ठेवते. तुम्ही दाराशी आलात की हेच समजा.

वन्सं, आत या.

तुमची
भावजय